नदीकाठची डबल बेल

पांढरकवडा
२४ फेब्रुवारी २०२५

सोनीबाई,

फोन तू घेत नाहीस, म्हणून पत्र. तुला वाचता येत नाही आणि तुमच्या घरात दिवसभर रिकामा असा वाचणारा माणूस एकच आहे, हेही मला माहीत आहे. तेव्हा भाऊजी, राम राम. चष्मा लावा, सावकाश वाचा आणि एकही वाक्य गाळू नका. बहीण माझी आहे, आवाज तेवढा तुमचा घेतला आहे.

बाई, या होळीला मी तुमच्या तांड्यावर येते आहे. एसटीनं नाही, सायकलनं. आता हसून घे, मग पुढचं ऐक.

माझे डोळे जाताहेत. एकदम नाही, कडेकडेनं. पोळी उंदरानं कडेनं कुरतडत आणावी आणि मध्ये रुपयाएवढी राहावी, तसं झालं आहे. नागपूरच्या डॉक्टरनं कागदाची सुरळी केली, डोळ्याला लावली आणि म्हणाला, ताई, तुम्हाला एवढंच दिसतं ना? एवढंच दिसतं. सुरळीत जे येतं ते स्वच्छ, बाकीचं नाहीच. दिवस मावळला की तेही नाही. ही सुरळी बारीक होत जाणार म्हणे. किती वर्षांत, ते त्यालाही सांगता येईना. औषध नाही, ऑपरेशन नाही. कंडक्टरकी तर कधीच सुटली. बाजूच्या सीटवरून पुढे केलेला हात दिसेना, लोक म्हणायला लागले, बाई तिकीट द्यायची विसरतात.

कीव करू नकोस. मला कीव चढत नाही. मला फक्त तुझं तोंड पाहायचं आहे, सुरळी मिटायच्या आत. तुझं जे शेवटचं तोंड माझ्याजवळ आहे ते बारा वर्षांपूर्वीचं आहे आणि ते रागावलेलं आहे. डोळे गेल्यावर माणसाला जुनंच पाहत बसावं लागतं. जन्मभर ते फुगलेलं तोंड पाहत बसायची माझी तयारी नाही.

त्या दिवसाबद्दल एकदाच बोलते. मी तुझ्या नवऱ्याला भर उन्हात, माळरानावर, भरल्या गाडीतून खाली उतरवलं. घरच्या जावयाला मेव्हणीनं उतरवलं म्हणून तांडाभर बोभाटा झाला, आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस की तुला बहीण नाही. मी आजही त्यांना उतरवीन. का उतरवलं ते मी तेव्हा सांगितलं नाही, आजही सांगणार नाही. ते भाऊजींना विचार. भाऊजी, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा.

सायकलनं का, तर एसटीत मला आता चढता उतरता दुसऱ्याचा हात धरावा लागतो. ज्या गाडीत मी लोकांना ‘पुढे सरका’ म्हणून ढकललं तिथं मी धरून चढणार नाही. आणि डांबरी रस्त्यावर सायकल म्हणशील तर मागच्या महिन्यात हायवेवर एक ट्रक माझ्या कानाला वारा घालून गेला. तो येताना मला दिसलाच नव्हता. पण नदीकाठानं गाडीच नाही. खुनी नदी धरून खाली पैनगंगेपर्यंत बैलगाडीची वाट आहे, मग पैनगंगेच्या काठानं मावळतीकडे तुमच्या बाबूसिंग नाईक तांड्यापर्यंत. समोरचं तर मला दिसतंच.

सोबत उकंडा आहे. माझा ड्रायव्हर. आम्ही दोघांनी मिळून एवढी वर्षं गाडी चालवली की त्याच्या मानेवरचा तीळ मला माझ्या हातापेक्षा ओळखीचा आहे. तोही आता रिटायर झाला. त्याच्या बायकोनंच, वच्छलाबाईनं, त्याला धाडलं. म्हणाली, “घेऊन जा याले, दिवसभर घरात बसून मलेच हॉर्न मारते.” तेव्हा तुझ्या जावांना सांग, नावं ठेवायला दुसरं काही शोधा.

नको म्हणायचं असेल तर लगेच कळव. काही कळवलं नाहीस तर मी निघाले.

तुझी पुष्पा

*

खुनी नदीच्या काठी
२ मार्च

सोनीबाई,

तुझं काही आलं नाही. निघाले.

काल उजाडता उजाडता हायवेच्या पुलाखालून नदीत उतरलो. वरून हैदराबादचे ट्रक जात होते आणि पूल नुसता थरथरत होता. त्या आवाजात मी माझी नोकरी केली बाई, मला वाटायचं जगाचा आवाजच तो. मग नदीनं एक वळण घेतलं, आम्ही घेतलं, आणि आवाज गेला. हळूहळू नाही, दार लोटल्यासारखा. उकंडानं ब्रेक मारला. मला वाटलं चेन उतरली. तो म्हणाला, “मॅडम, काहीच आयकू येऊन नाई राह्यलं.” आम्ही दोघं म्हातारे तिथंच सायकली धरून उभे राहिलो, जसं कोणीतरी आम्हाला ओरडणार होतं आणि ओरडलंच नाही.

आमची रीत सांगते. उकंडा पुढे, मी मागे. त्याच्या कॅरियरला लाल गमछा बांधला आहे, तो सुरळीत धरला की वाट आपोआप सापडते. मी एक बेल दिली की त्यानं थांबायचं, डबल बेल दिली की निघायचं. गाडीतली घंटीची सवय हाडात आहे त्याच्या. आज चहा पिऊन मी सायकलवर बसले तरी हा हलेना. म्हटलं, काय झालं? म्हणतो, “बेल कुठं झाली?” त्याची सायकल गिअरची आहे, पोराची, राजदीपची. एकही गिअर तो बदलत नाही. क्लच नसलेल्या गाडीवर त्याचा विश्वास नाही.

आता मला काय दिसलं ते सांगते. तुला वाटत असेल, बिचारीला रुपयाएवढं दिसतं, काय पाहणार. मलाही तसंच वाटत होतं. पण बाई, आयुष्यभर मी सगळं एकदम पाहिलं. पन्नास डोकी, खिडक्या, झाडं, पाट्या, सगळं एका नजरेत, आणि त्यातलं एकही ध्यानात नाही. इथं एक खंड्या वाळलेल्या काडीवर बसला होता. माझ्या सुरळीत तो बरोबर मावला, चोचीपासून शेपटीपर्यंत, आजूबाजूला काही नाही. जगात त्या घडीला तो एकच होता. इतका निळा रंग असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तो पाण्यात पडला आणि मी मान फिरवेपर्यंत मासा घेऊन परत त्याच काडीवर! मी उकंडाला म्हटलं, अरे बघ. तो म्हणाला, “लहानपणापासून पाह्यतो मी.” मी म्हटलं, नाही पाहिलास तू.

पळस फुलला आहे. एक झाड मी फांदी फांदी करून पाहिलं, खालून वर. एवढा वेळ एका झाडाला मी आधी कधी दिला नव्हता, नवऱ्यालाही दिला नसेल, तो असता तर म्हणाला असता.

रात्री कोलामांच्या पोडावर, त्यांच्या वस्तीत, थांबलो. अंधार पडला की मी बसल्या जागची हलत नाही. तिथल्या एका बाईनं गुडघ्याला हळद लावून दिली. काही झालेलं नाही, असंच.

पत्र वाटेत आपल्या एका कंडक्टर पोरीच्या हाती देते आहे. ती तुमच्या फाट्यावर कोणाला तरी देईल.

पुष्पा

*

पैनगंगेच्या काठी
५ मार्च

सोनीबाई,

भाऊजी, आधी तुम्ही पाणी प्या. मग वाचा. हे चांगलं वाचलं पाहिजे.

काल खुनी जिथं पैनगंगेला मिळते तिथं पोचलो. दरडीवर चढून मी समोर पाहिलं, पाणी. डावीकडे मान नेली, पाणी. अजून नेली, पाणी, मग वाळू, मग पुन्हा पाणी. माझ्या सुरळीत नदी मावेचना. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत मान फिरवायलाच किती वेळ लागला, पलीकडे तेलंगणातली शेतं लागली तेव्हा कुठं नदी संपली. मग मी परत उलटी मान आणली. असं मी कितीतरी वेळा केलं. डोळे धड असते तर मी एकदा पाहिलं असतं, ‘मोठी आहे’ म्हटलं असतं आणि डबा सोडला असता.

मला भीती वाटली बाई. पडायची नाही. एवढं मोठं काहीतरी इतकी वर्षं माझ्या गाडीच्या बाजूनं गुमान चाललं होतं आणि मी तिकडं पाठ करून सुट्टे पैसे मोजत होते. मी ज्या गावांची नावं स्टॉप म्हणून ओरडले ती सगळी या एका पाण्यानं धरून ठेवली आहेत. रस्ते तर काल परवा आले.

इथली वाट म्हणजे काय, सांगते. कुठं गाडीवाट, कुठं शेताच्या धुऱ्यावरची पायवाट, कुठं नुसती दबलेली वाळू. एक पूल पुरात गेला तो परत झालाच नाही, म्हणून मोटारी इकडे येतच नाहीत. पण वाट मोडलेली नाही. दोन्ही अंगांना बाभळी आणि मध्ये खोलगट भाग, पाऊल आपसूक तिथंच पडतं. एका धनगरानं सांगितलं, ही लमाणांची जुनी वाट आहे. मी तिथं थांबले. उकंडाला एक बेल दिली.

आपला आजा सांगायचा आठवतं का? लदेणीची बैलं पाण्याशिवाय चालत नसत, म्हणून मिठाचे गोणे लादून आपली माणसं नदीच धरून जायची. मला ती गोष्ट वाटायची. बाई, मी वाकून हातानं पाहिलं. दगडात खळगे आहेत. एकामागं एक, खुरांचे. पाऊस पडून पडून गुळगुळीत झालेत, पण माझा तळवा बरोबर बसला. आपल्या कोणाच्या तरी बैलानं तिथं पाय दिला होता, त्याच्या मागं कोणीतरी बाई पोर पाठीला बांधून चालली होती, आणि तिच्यामागं अशा किती. आता मी त्यावरून सायकल घेऊन चालले आहे. मी चप्पल काढली. उकंडा बौद्ध, पण त्यानंही चप्पल काढून बाजूला ठेवली. म्हणाला, “तुमच्या लोकाईनं लय चालून ठेवलं, मॅडम.”

संध्याकाळी त्यानं मला विचारलं की तुम्ही बहिणी भेटल्यावर काय होईल. मी त्याला आपली रीत सांगितली. म्हटलं, आमच्या बाया लांबून भेटल्या की आधी बोलत नाहीत, एकमेकींच्या गळ्यात पडून ‘याडी ये’, म्हणजे ‘आई गं’, म्हणत चालीवर रडतात. त्या रडण्यातच सगळं सांगून होतं, कोण मेलं, कोणाचं लग्न झालं, कोणी किती छळलं. मनातलं सगळं रडून झालं की मग डोळे पुसून चहा. तो म्हणाला, “आन एकीले रडू नाई आलं तं?” मी म्हटलं, तसं होत नाही. एक रडायला लागली की दुसरीनं साथ द्यायचीच, वैरीण असली तरी. एकीला एकटीला रडू देणं म्हणजे तिला भरल्या तांड्यात उपाशी ठेवणं. त्यानं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाला, “बारा वर्षाचं हाय तुमचं. जेवण करूनच जाजा.”

खरं सांगते, माझी तयारी झाली आहे. याडी गेली तेव्हा तू होतीस पण बोलली नाहीस, आपण दोघी दोन भिंतींशी रडलो. माझा नवरा गेला तेव्हा तू नव्हतीस. ते सगळं मी तुझ्यासाठी ठेवून दिलं आहे.

आज माझी सायकल जरा धुऱ्याखाली गेली. सायकलच गेली, मी नाही. कोपराला लागलं ते जुनं आहे.

पुष्पा

*

पैनगंगेच्या काठी, तुमच्या अलीकडे दोन गावं
९ मार्च

सोनीबाई,

हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मी सांगते. खरं तर कळलंच असेल, तांड्याची बातमी सायकलपेक्षा जोरात पळते.

काल सकाळी नदीच्या घाटावर आपल्या बाया कपडे धूत होत्या. फेटिया, कांचळी, हातभर पांढऱ्या बांगड्या. हल्ली तशी नेसणारी फक्त तुझ्या वयाचीच राहिली आहे. त्यातली एक उठली आणि ओला पिळा खांद्यावर टाकून चालायला लागली. माझ्या सुरळीत फक्त ती. डावा पाय जरा ओढून टाकणारी. तू विहिरीत पडली होतीस तेव्हापासून तू तशीच चालतेस. मला वाटलं, तू मला भेटायला पुढे आलीस.

मी सायकल टाकली बाई. कुठे टाकली ते उकंडाला ठाऊक. धावत गेले आणि मागूनच गळ्यात पडले आणि सुरू केलं, याडी ये, याडी ये. सगळं काढलं. याडीचं शेवटचं दुखणं, माझ्या नवऱ्याचं, तुझ्याशिवायची बारा वर्षं, माझे डोळे. जे तुझ्यासाठी राखलं होतं ते सगळं, चाल सुद्धा न मोडता. आणि त्या बाईनं पिळा खाली टाकला, मला घट्ट धरलं आणि साथ दिली. एका शब्दानं विचारलं नाही तू कोण. तिचं कडवं आलं तेव्हा ती तिचं रडली, तिच्या बहिणीचं. बहीण गेल्या पावसाळ्यात गेली आणि हिला कोणी कळवलंच नाही, तेरवी झाल्यावर कळलं. मला वाटलं तू आपल्या कोणत्या बहिणीचं बोलतेस? आपल्याला तर तिसरी नव्हतीच!

घाटावरच्या सगळ्या बाया कपडे सोडून भोवती बसल्या. कोणी मला दूर केलं नाही. रडणं अर्ध्यात मोडत नसतात.

शेवटी ती थकली, मी थकले. तिनं माझं तोंड पदरानं पुसलं आणि आपल्या गोरबोलीतच विचारलं, तू कोणाची गं? मी तिचं तोंड पाहिलं. नाकात चांगली मोठी भुरिया, कपाळावर गोंदण, आणि ती तू नव्हतीस. जमणीबाई तिचं नाव. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. म्हटलं, माफ कर, मी तुला माझी बहीण समजले. ती म्हणाली, “बरं झालं. मले रडाले कोनी नव्हतं.”

बाई, मी पुष्कळ मोठ्या गोष्टी या वाटेवर पाहिल्या, पण त्या बाईएवढी मोठी एकही नाही. अनोळखी बाई पाठीमागून येऊन गळ्यात पडते आणि ही आधी तिला सावरते, मग नाव विचारते. आपण अशी माणसं आहोत, हे मी एसटीच्या नादात विसरून गेले होते. मी तिच्या पायाला हात लावला. तिनं आम्हाला भाकरी, लसणाची चटणी आणि नदीतल्या वाडीतलं टरबूज दिलं आणि बजावलं की दुपार टळेपर्यंत निघायचं नाही.

पण आता मी रिकामी आहे. तुझ्यासमोर उभी राहिले आणि रडू आलंच नाही तर काय करू? उकंडा म्हणतो, “येते मॅडम, टाकी रिकामी झाली तरी रिझर्व असते.”

पुष्पा

*

तुमच्या तांड्याच्या अलीकडचं गाव, शाळेचा व्हरांडा
१२ मार्च

सोनीबाई,

भाऊजी येऊन गेले. हे पत्र त्यांच्याच हाती देते आहे, म्हणजे ते स्वतःबद्दलचं स्वतःच वाचतील.

दुपारी उकंडा सायकलीला तेल देत होता. तोच आधी बोलला, “मॅडम, नेमसिंगभाऊ आले.” मी वळून वळून शोधलं तेव्हा ते सापडले. केस पांढरे झाले आहेत त्यांचे, आणि बारीक झालेत. दारू सोडली हे ऐकलं होतं, आता दिसलं. उकंडाला पाहून ते जागीच थांबले. मग पुढे येऊन त्यांनी त्याचा हात हातात घेतला, आणि मला म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते:

“पुष्पाबाई, तुमचं पयलं पत्र वाचून दाखोलं तवा ते वाक्य मी गाळलं. ‘भाऊजींना विचार’ वालं. सोनीनं दुसऱ्यांदा वाचाले लावलं, मी परत गाळलं. तिसऱ्यांदा सोनी म्हने, ‘इथं तुमी दम कायले घेता?’ मंग मी सांगतलं. मी पिऊन होतो. याच्या स्टेरिंगले मी हात घातला होता. गाडी पुलावर होती. गाडीत लेकरं होते. तुमी नसतं उतरोलं, तं मी सगळ्याइले नदीत घेऊन गेलो असतो.”

मी म्हटलं, मग झालं तर. आता ती काय म्हणते? भाऊजींनी मान खाली घातली. म्हणाले, “ते जास्तच भडकली.”

तर तू म्हणालीस, बारा वर्षं मी तुला हे का सांगितलं नाही. ऐक. तुझा संसार होता. पोरं लहान होती. भाऊजींनी पुलावर काय केलं हे कळलं असतं तर तू त्यांच्याजवळ राहिली नसतीस, किंवा राहिली असतीस आणि रोज मेली असतीस. त्यापेक्षा तू मला शिव्या दिलेल्या बऱ्या. तुझ्याजागी मी असते तर मलाही राग आला असता. पण मी पुन्हा तेच करीन.

आणि दुसरा तुझा निरोप. भाऊजी तो सांगताना घाबरत होते, मी हसले. “तिले म्हना, माह्या वाटचं रडनं दुसरीले देऊन आली, आता माह्या दारात कायले येते? का दोन आसवं उरली असतील तं घेऊन ये म्हना, होळीच्या पहाटे.”

तू चिडलीस बाई! तुला जमणीबाईचा हेवा वाटला. तू बारा वर्षांत मला धाडलेला हा पहिला शब्द. तो मी भाऊजींना दोनदा म्हणायला लावला.

पण एक आहे. आपली होळी तांबडं फुटताना पेटते. त्या उजेडात मला दिसेल की नाही, खात्री नाही. काल संध्याकाळी दिवस बुडायच्या आधीच गेला माझा. भाऊजींनी गुडघा आणि कोपर पाहिलं आहे, ते तुला सांगतीलच, म्हणून मीच सांगते. वाटेत सहादा पडले. मला वाटतं सुरळी या महिन्यातच बारीक झाली. इतका लांबचा पल्ला मी तुझं तोंड पाहायला आले आणि अंधारात तुझ्यासमोर उभी राहिले तर फजिती. तेव्हा सूर्य वर येईपर्यंत होळीजवळ मला कोणी हलवू नका.

पुष्पा

*

पांढरकवडा
२ एप्रिल

सोनीबाई,

पोचले. उकंडा म्हणतो त्याचं वजन कमी झालं, वच्छलाबाई म्हणते नाही.

निघताना तू मला म्हणालीस, “तुले काय दिसलं ते लिहून धाड. मले माह्यं तोंड ठाऊक नाई.” तेव्हा लिहिते. भाऊजी, इथं दम घेतलात तरी चालेल.

पहाटे मी तांड्याच्या पटांगणात बसले होते. तुझा हात माझ्या खांद्यावर होता, एवढंच मला तुझं कळत होतं. तू कशी आलीस, कधी आलीस, मला दिसलं नाही. आपण बोललो नाही. बाबूसिंग नाईकांनी होळी पेटवली. लेंगीची गाणी सुरू झाली, डफ वाजला, पोरं गोल फिरायला लागली, आणि माझ्या काळोखात मधोमध एक ज्वाळ उभी राहिली, तेवढीच. त्या आगीशिवाय जगात काही नव्हतं. मला वाटलं, आंधळं होणं असंच असेल तर मी भीत होते ते कशाला?

मग उजाडलं. राखाडी, मग तांबूस. मी तुझ्याकडे वळले. तू डोळे पुसत होतीस, म्हणजे तयारीत होतीस. सगळ्या बाया आपल्याकडे पाहत होत्या. मला एकदम भरून आलं, उकंडाची ती रिझर्वची टाकी खरी निघाली. मी हात पसरून पुढे झाले आणि ‘याडी ये’ म्हणायला तोंड उघडलं.

आणि तू मला दोन्ही हातांनी छातीवर धरून मागं रेटलंस. भरल्या तांड्यात! बायांनी तोंडावर हात ठेवले. मला वाटलं, संपलं, हिनं परत मला झिडकारलं.

तू म्हणालीस, “थांब. आधी पाह्य मले. रडलीस तं डोयात पानी येईन आन काही दिसनार नाई. रडनं का, अंधारातबी होते.”

मी तुझ्याकडे पाहिलं. जवळून पाहिलं तर तुझी एक भुवईच दिसली. मग नाक, मग भुरिया. मग एक डोळा, त्याच्या कडेला पाणी अडवून धरलेलं. तुकडे दिसत होते बाई, तू दिसत नव्हतीस. मी म्हटलं, मावत नाही गं तू. मागं हो.

तू एक पाऊल मागं गेलीस. तोंड आलं, पण कपाळ कापलं जात होतं. मी म्हटलं, अजून. तू अजून गेलीस. पोरांनी डफ थांबवला. अजून, म्हटलं. तू पाय ओढत उलटी चालत होतीस, नजर माझ्यावरून न काढता, आणि भाऊजी तुझ्या पाठीशी हात धरून चालत होते, ठेच लागू नये म्हणून. होळीच्या बाजूनं पलीकडे गेलीस. अजून, अजून. आणि मग तू सगळी आलीस. कपाळावरच्या गोंदणापासून पायातल्या वाळ्यांपर्यंत, एकही तुकडा बाहेर नाही. माझ्या पाठीमागून उन्हं आली होती. म्हातारी झालीस. याडीसारखी दिसतेस, तिचं बोट धरून बाजारात जायचो तेव्हाच्या याडीसारखी. आणि रागावलेली नव्हतीस. सोनीबाई, या वाटेवर मी नदी पाहिली, पळस पाहिला, दगडातले खूर पाहिले, पण माझ्या उरल्यासुरल्या डोळ्यांत एवढं काही कधी मावलं नव्हतं. मी पाहत राहिले. तू तिथं किती वेळ उभी होतीस!

मग तू ओरडून विचारलंस, “झालं का?”

मी म्हटलं, झालं.

आणि तू हात पसरून धावत निघालीस, आणि जवळ येता येता माझ्या डोळ्यांत मावेनाशी झालीस.

तुझी
पुष्पा